न बसणाऱ्या गोष्टींची वही : तालुक्याच्या ओपीडीत दुर्मिळ आजार आणि अनोळखी गाठ कशी ओळखावी

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात एक दोनशे पानी वही असते. तिच्यात पेशंटचं नाव नसतं. केसपेपरचा नंबर, तारीख आणि एकच ओळ. 'टायफॉइड म्हणून चौथ्यांदा आला, पण पानथरी बेंबीला टेकलेली.' 'अपेंडिक्स काढलं, तरी तसंच दुखतं, पोट मऊ.' 'मुलाचं एसजीपीटी 280, कावीळ कधीच नाही, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांडीला हात लावतो.' केलेल्या निदानात जे बसत नाही, तेवढंच त्या वहीत जातं. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बावीस वर्षं फिजिशियन म्हणून बसते आहे. जेवढे दुर्मिळ आजार माझ्या हाती लागले, ते आधी या वहीत एका ओळीने आले. त्यांचं नाव फार नंतर कळलं.

अंबाजोगाईहून इंटर्नशिप संपवून आलेली मुलं विचारतात, "मॅडम, सात हजार दुर्मिळ आजार आहेत म्हणे, लक्षात कसे ठेवायचे?" ठेवूच नका. नेहमीच्या पंचवीस-तीस आजारांचं वागणं मात्र इतकं पक्कं ठेवा, की त्यात खडा आला तर लगेच दाताखाली लागावा. व्हायरलमध्ये पडलेल्या प्लेटलेट किती दिवसांत वर येतात, अपेंडिक्सचं पोट हाताला कसं लागतं, टीबीच्या गाठीवर औषध सुरू केल्यावर दोन महिन्यांत काय दिसायला हवं, हे ज्याला ठाऊक आहे त्याला न बसणारी गोष्ट खुपते. ज्याला खुपत नाही, त्याला सात हजार नावं पाठ असून उपयोग नाही.

दुर्मिळ म्हणजे किती, हेही एकदा पाहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर हजारात एक किंवा त्याहून कमी असं माप सांगितलं जातं. युरोप दहा हजारांत पाच धरतो, अमेरिका देशभरात दोन लाखांपेक्षा कमी पेशंट. कॅन्सरच्या बाबतीत वर्षाला लाखात सहापेक्षा कमी नवे पेशंट असले तर तो दुर्मिळ, असा युरोपातल्या तज्ज्ञांचा संकेत आहे. आता आपला तालुका तीन लाखांचा धरा. लाखात एक असा एखादा आजार घेतला तर त्याचे तीन पेशंट आपल्याच गावांत आहेत, आणि दुर्मिळ आजार एकूण हजारोंनी आहेत. म्हणजे ते आपल्या ओपीडीत येतातच. फक्त ॲसिडिटी, अशक्तपणा, टेन्शन, टीबी अशा नावांखाली येऊन परत जातात.

आधी कॅरीबॅग उलटी करा

आपल्याकडे पेशंटचा इतिहास एका दवाखान्यात नसतो. दसरा झाला की कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी जोडपी, सांगली, कोल्हापूर, बेळगावच्या कारखान्यांवर जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. आजार बाराही महिने चालू असतो. पहिली सोनोग्राफी इकडची, सलाईन तिकडची, ऑपरेशन तिसरीकडचं, आणि मधल्या काळात गुडघेदुखीसाठी कुणीतरी दिलेल्या पुड्या. सगळे कागद एका कॅरीबॅगेत कोंबलेले. ओपीडीच्या गर्दीत आपण वरचा एक रिपोर्ट ओढतो, वाचतो आणि परत कोंबतो.

ज्या पेशंटची ओळ वहीत आली, त्याला मी दुपारी तीनला परत बोलावते. कॅरीबॅग टेबलावर उलटी करते, कागद तारखेने लावते आणि एका कोऱ्या कागदावर चार रकाने आखते: तारीख, काय झालं, काय दिलं, दिल्यावर काय झालं. पहिले तीन कागदांवरून भरतात. चौथ्यासाठी माणसाशी बोलावं लागतं. "त्या इंजेक्शनानंतर बरं वाटलं का जास्त झालं?" "कारखान्यावर असताना कुठं दाखवलं?" दवाखान्याचं नाव पेशंटला आठवत नाही, मुकादमाला आठवतं. फोन लावून विचारा. याला पाऊण तास जातो. पण माझ्या अनुभवात महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त निदानं या पाऊण तासाने दिली आहेत.

त्या पानथरीवाल्या पोराचंच घ्या. तीन वर्षांत सहा वेळा रक्त तपासलं होतं. प्रत्येक वेळी प्लेटलेट सत्तर ते नव्वद हजार, प्रत्येक वेळी 'व्हायरल' किंवा 'टायफॉइड' लिहिलेलं. सुटा एकेक रिपोर्ट पाहिला तर चूक कुणाचीच नाही. सहाही ओळीने मांडले तेव्हा दिसलं, की तीन वर्षांत प्लेटलेट एकदाही लाखावर गेल्या नव्हत्या. व्हायरलमध्ये त्या दहा-पंधरा दिवसांत वर येतात. मग पाय दुखतात का ते विचारलं. हाडं दुखायची, रात्री जास्त. मोठी पानथरी, कमी प्लेटलेट, हाडांचं दुखणं. मलेरिया आणि रक्ताचा कॅन्सर तपासून बाजूला ठेवले आणि गोशे आजारासाठी, म्हणजे एक एन्झाइम कमी असल्याने पानथरीत आणि हाडांत चरबीसारखा पदार्थ साचतो त्यासाठी, एन्झाइमची तपासणी पाठवली. तिला कागदावर वाळवलेला रक्ताचा थेंबही चालतो, कुरियरने जातो. निदान गोशेचंच आलं.

एसजीपीटी वाढलेल्या मुलाची गोष्ट लहान आहे, पण ती वारंवार घडते म्हणून सांगते. लिव्हरसाठी मोजतो ती एसजीओटी, एसजीपीटी ही एन्झाइम फक्त लिव्हरमधून येत नाहीत, स्नायूंमधूनही येतात. चार-सहा वर्षांचा मुलगा, पोटऱ्या टणक आणि भरलेल्या, उठताना स्वतःच्याच अंगावर हात टेकत वर येतो, आणि त्याला वर्षभर लिव्हरचं टॉनिक चाललेलं. सीपीके, म्हणजे स्नायूंतून रक्तात उतरणारं एन्झाइम, मोजा. ड्यूशेन, म्हणजे स्नायू झिजवणारा जनुकीय आजार, असेल तर आकडा हजारांत येतो. लिव्हरची बायोप्सी ठरवण्याआधी ही साधी तपासणी झालीच पाहिजे.

आणखी एक, लग्नाचा अल्बम मागवा. चेहरा हळूहळू बदलतो तेव्हा घरच्यांना दिसत नाही, कारण ते रोज पाहतात. चव्वेचाळीस वर्षांचे एक शिक्षक शुगर आणि बीपीसाठी यायचे. हात मिळवला तेव्हा पंजा जाड आणि ओलसर लागला. चपलेचा नंबर विचारला. पाच वर्षांत सातचा नऊ झाला होता. अंगठी करवतीने कापून काढली होती. अल्बममधला नवरदेव आणि समोरचे सर यांचा जबडा, नाक, कपाळ शेजारी ठेवून पाहिलं आणि त्याच दिवशी आयजीएफ-1, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त आहे का ते दाखवणारी रक्ततपासणी, पाठवलं. मेंदूच्या तळाशी पिट्युटरीची गाठ होती. सूज किंवा गोलसर चेहरा दिसला तर मात्र आधी पुड्यांची चौकशी करा. आपल्या भागात कुशिंगचं, म्हणजे अंगात स्टेरॉइड जास्त झाल्याने होणाऱ्या आजाराचं, सर्वांत मोठं कारण गाठ नाही, सांधेदुखीच्या पुडीतलं स्टेरॉइड आहे.

नवरात्रातली पोटदुखी

हे सविस्तर सांगते, कारण यातून मी सगळ्यात जास्त शिकले.

सव्वीस वर्षांची बाई. पोटावर दोन व्रण: एक अपेंडिक्सचा, दुसरा 'आतडी चिकटली असतील' म्हणून पोट उघडलं त्याचा. दुसऱ्या वेळी आत काहीच सापडलं नव्हतं. ती लोळत होती, सासू शेजारी उभी. "पोटात लई दुखायलंय, मॅडम, पण कुठं दाबलं तर दुखत नाही." हे वाक्य मी तसंच्या तसं वहीत लिहिलं. पोट मऊ. नाडी 124. बीपी 160 वर, या वयात. चार दिवस शौचाला झालेलं नाही. सोडियम 118, फारच कमी. आधीच्या दवाखान्याच्या कागदावर एका ओळीत लिहिलं होतं: मानसिक.

चार रकाने भरले तेव्हा तिन्ही वेळच्या भरतीच्या तारखा ऑक्टोबरमधल्या निघाल्या. सासूला विचारलं, ऑक्टोबरात घरात काय असतं? "घट बसतात की. तुळजापूरला पायी जातो. ही नऊ दिवस नुसत्या पाण्यावर असती." दुसऱ्या भरतीत तिला फिट आली होती, तेव्हा फेनिटॉइन हे फिटचं औषध दिलं होतं, आणि चौथ्या रकान्यात आलं: 'त्यानंतर हातातला जोर गेला, महिनाभर पाणी प्यायचा तांब्या उचलत नव्हता.'

उपासाने चढणारं, काही औषधांनी बिघडणारं, पोट मऊ ठेवून माणसाला लोळवणारं दुखणं म्हणजे अक्यूट इंटरमिटंट पॉर्फिरिया. शरीर हिमोग्लोबिनमधला 'हीम' बनवतं त्या साखळीतली एक कडी कमजोर असते. पोटात कर्बोदकं नसली की लिव्हर ती साखळी जोरात चालवतं आणि अर्धवट माल साचतो. पाळीच्या आधीचे दिवस, फिनोबार्बिटोन, फेनिटॉइन, सल्फा, दारू यांनीही तेच होतं.

मी सिस्टरला तिची लघवी काचेच्या स्वच्छ बाटलीत भरून खिडकीत उन्हात ठेवायला सांगितली. सकाळी दहाला साधी पिवळी होती. दुपारी दोनला काळ्या चहासारखी झाली, चार वाजता कडेला जांभळट झाक. तो रंग मला अजून डोळ्यांपुढे दिसतो. ही खूण पक्की तपासणी नव्हे, पण फुकट आहे आणि तालुक्यात करता येते. पक्क्या निदानासाठी लघवीतलं पॉर्फोबिलिनोजेन, म्हणजे तो साचलेला अर्धवट माल, मोजावं लागतं. नमुना झटका चालू असतानाच घ्या, बरं वाटल्यावर घेतलेला फसवू शकतो. उजेड लागला तर रिपोर्ट खोटा कमी येतो, म्हणून बाटलीला काळा कागद किंवा फॉइल गुंडाळा, बर्फात ठेवून पाठवा, आणि लॅबला आधी फोन करून ते घेतात का ते विचारा.

रिपोर्ट यायची वाट न पाहता तीन गोष्टी करता येतात. अपायकारक औषधं बंद करा आणि फिट आलीच तर लेव्हेटिरासिटामसारखं सुरक्षित औषध निवडा. ग्लुकोज द्या. पण सोडियम 118 असताना नुसतं पाणीदार ग्लुकोज भराभर सोडलं तर सोडियम आणखी खाली जातं, म्हणून मात्रा मोजून द्या आणि सोडियम दिवसातून दोन-तीन वेळा पाहा. तिसरी गोष्ट श्वासाची. हातापायांचा जोर कमी होत चालला तर छातीच्या स्नायूंवरही येऊ शकतं. अशा पेशंटला व्हेंटिलेटर असलेल्या ठिकाणी वेळेत हलवा. हीमचं इंजेक्शन हा खरा उपचार, तो मोठ्या केंद्राकडूनच मिळवावा लागतो.

बरी झाल्यावर उपासाचा प्रश्न राहिला. तिला नुसतं 'उपास करू नको' म्हणून चाललं नसतं, घरात तिला कुणी ऐकवलं असतं. मी सासूशी बोलले. त्या माउलीने थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "हिचे नऊ दिवस मी धरते. देवीला काय, घरातून एकीनं धरले म्हंजे झालं." तेव्हापासून सात नवरात्रं झाली, एकदाही भरती नाही. तिच्या पर्समध्ये कोणती औषधं चालत नाहीत याची यादी लॅमिनेट करून ठेवली आहे, वर लाल अक्षरात आजाराचं नाव. तिच्या दोन बहिणींनाही तपासलं, कारण हा आजार आई किंवा बापाकडून थेट येतो.

पहाटे अंगात येणारा माणूस

चाळीस वर्षांचा शेतकरी. पहाटे चार-पाचला उठून बरळायचा, बायकोला ओळखायचा नाही, अंगाला दरदरून घाम. गावाने भानामती ठरवली. दोन देवऋषी झाले, मग फिटच्या गोळ्या झाल्या. त्या वर्षभरात वजन मात्र अकरा किलो वाढलं होतं. हीच ओळ मी लिहिली: झटके येतात आणि वजन वाढतं.

बायको म्हणाली, "चहा पाजला की येतेत भानावर. साखरेचा. बिनसाखरेचा एकदा दिला तर नाही आले." अमेरिकन सर्जन ॲलन व्हिपल यांच्या नावाने जी तीन लक्षणांची कसोटी शिकवली जाते, म्हणजे साखर कमी असल्याची लक्षणं, त्याच वेळी मोजलेली साखर खरोखर कमी, आणि साखर दिल्यावर लक्षणं जाणं, त्यातली दोन त्या बाईने स्वयंपाकघरात तपासून ठेवली होती. मधली एक उरली होती. तिला ग्लुकोमीटर दिला, बोट टोचायला शिकवलं. तिसऱ्या पहाटे फोन आला: 38.

इथे एक काम लक्षात ठेवा, ते दहा सेकंदांचं आहे. बेशुद्ध किंवा बरळणारा पेशंट आला, साखर 55 च्या खाली दिसली, तर ग्लुकोज ढकलण्याआधी त्याच सुईतून रक्ताची एक नळी काढून ठेवा. मग लगेच ग्लुकोज द्या. त्या क्षणाच्या रक्तात इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) किती, यावर सगळं ठरतं. साखर 55 च्या खाली असताना दर मिलिलिटरला इन्सुलिन 3 मायक्रोयुनिट किंवा जास्त आणि सी-पेप्टाइड 0.6 नॅनोग्रॅम किंवा जास्त असेल, तर शरीर नको तेव्हा इन्सुलिन सोडतं आहे. बाहेरून टोचलेलं इन्सुलिन असेल तर सी-पेप्टाइड खाली असतं. पण ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्यांनी दोन्ही वाढतात आणि चित्र हुबेहूब गाठीसारखं दिसतं. घरात वडिलांना डायबेटिस आहे का, गोळ्यांचा डबा एकच आहे का, हे विचारा. नळी काढायची संधी हुकली तर दवाखान्यात देखरेखीखाली जास्तीत जास्त 72 तासांचा उपास करून ती आणावी लागते. हे घरी कधीही करू नका.

इन्सुलिनोमा, म्हणजे इन्सुलिन सोडणारी स्वादुपिंडातली गाठ, बहुधा दोन सेंटिमीटरपेक्षा लहान असतो. साध्या सीटीत दिसला नाही म्हणून 'गाठ नाही' असं लिहू नका. रक्ताने निदान आधी पक्कं करा आणि मग गाठ शोधा. त्याची स्वादुपिंडातली गाठ हरभऱ्याएवढी होती. काढली. आता तो पहाटे उठून दूध काढतो.

"नात्यातलं लग्न आहे का?" असं विचारू नका

दुर्मिळ आजारांतले बहुतांश जनुकीय असतात, म्हणून घराण्याचा नकाशा काढायचाच. पण नात्यातलं लग्न आहे का असं विचारलं की आपल्याकडे उत्तर येतं, "नाही." खोटं बोलत नाहीत. मामाची मुलगी करणं ही रीत आहे, ते 'नात्यातलं' वाटतच नाही. मी विचारते, "तुमच्या सासूबाई लग्नाआधी तुमच्या कोण लागत होत्या?" "आत्या." झालं. उदगीर, देगलूरकडे, तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेला, सख्ख्या मामाशी लग्न झालेलंही सापडतं. तिथे विचारायचं, "मालक तुमच्या आईचे कोण?"

तसंच "घरात कुणाला असा आजार होता का?" याऐवजी "लहानपणी गेलेली लेकरं किती? कशानं गेली म्हणाले?" असं विचारा. 'दृष्ट लागून गेलं', 'मान धरलीच नाही', 'दूध ओढत नव्हतं' ही उत्तरं तशीच लिहा. पंधरा-सोळा वर्षांचं पोर, कावीळ, हात थरथरतो, अक्षर बिघडलं, शाळेतून चिडका म्हणून तक्रार, आणि आईबाप मामे-आतेभावंडं, तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे स्लिट लॅम्पखाली बुबुळाच्या कडेची तपकिरी-सोनेरी रेघ बघायला पाठवा. विल्सन आजारात शरीरात तांबं साचतं. सेरुलोप्लाझ्मिन (रक्तात तांबं वाहणारं प्रथिन) आणि चोवीस तासांच्या लघवीतलं तांबं मोजा. वेळेत सापडला तर गोळ्यांवर आयुष्य निघतं, आणि त्याच्या भावंडांना लक्षणं नसली तरी तपासायचंच.

गाठ : सुई घालण्याआधी आणि नंतर

प्रॅक्टिसच्या सातव्या वर्षी मी एक चूक केली. मानेत गाठी, ताप, वजन उतरलेलं, एकोणीस वर्षांची मुलगी. सुईच्या तपासणीत 'निश्चित सांगता येत नाही' आलं. मी टीबीची औषधं सुरू केली. दुसऱ्या महिन्यात गाठी तशाच होत्या, मी स्वतःला समजावलं की कधीकधी वेळ लागतो. चौथ्या महिन्यात पूर्ण गाठ काढून पाठवली. हॉजकिन लिम्फोमा, लसिका गाठींचा कॅन्सर. मुलगी बरी झाली, संसारात आहे. पण ते चार महिने माझे आहेत. तेव्हापासून मानेतली गाठ औषध सुरू करण्याआधी पूर्ण काढते, आणि दोन बाटल्या नेते: एक फॉर्मालिनची, एक साध्या सलाईनची. अर्धा तुकडा फॉर्मालिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी, अर्धा सलाईनमध्ये जीन एक्सपर्ट (टीबीच्या जंतूची झटपट जनुक तपासणी) आणि कल्चरसाठी. फॉर्मालिनमध्ये टाकलेल्यावर जंतू वाढत नाहीत, आणि सलाईनमध्ये राहिलेला तुकडा सडतो.

'चरबीची गाठ' हा शब्द जपून वापरा. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी, स्नायूच्या आवरणाखाली गेलेली, वाढत असलेली, दुखणारी, किंवा एकदा काढून परत आलेली, यातलं एकही असेल तर तिथे चाकू लावू नका. आधी एमआरआय, मग जाड सुईने बायोप्सी, आणि तीही जो सर्जन पुढे ऑपरेशन करणार त्याला विचारून. हातापायावर छेद घ्यावाच लागला तर लांबीच्या दिशेने, आडवा कधीच नाही. आडव्या छेदामुळे पुढे वाचू शकणारा पाय जाऊ शकतो. एका ऊसतोड बाईची मांडीची गाठ हंगामात कुठेतरी काढली आणि फेकून दिली. सात महिन्यांनी परत आली, दुप्पट. पहिल्या गाठीचा तुकडा असता तर सार्कोमा, म्हणजे स्नायू-चरबीसारख्या भागातला कॅन्सर, तेव्हाच कळला असता. अंगातून काढलेली प्रत्येक गोष्ट तपासायला गेली पाहिजे. आपल्या जिल्ह्यात एवढ्या बायांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या. किती जणींकडे पिशवीचा रिपोर्ट आहे हे मी दरवेळी विचारते, आणि हातात फार थोडे कागद येतात.

पाठवायचं कसं: रुंद तोंडाची बरणी, दहा टक्के फॉर्मालिन, तुकड्याच्या किमान दहापट. मोठी गाठ असेल तर पॅथॉलॉजिस्टला विचारून तिला काप द्या, नाहीतर आतला भाग कुजतो. नाव झाकणावर नको, बरणीवर लिहा, झाकणं बदलतात. सोबतच्या चिठ्ठीत वय, जागा, खोली, किती दिवसांत किती वाढली हे लिहा, आणि हाडाची गाठ असेल तर एक्स-रे पाठवाच. एक्स-रेशिवाय हाडाची स्लाइड वाचायला लावणं म्हणजे पॅथॉलॉजिस्टचे डोळे बांधणं.

रिपोर्टमध्ये 'स्पिंडल सेल' किंवा 'राउंड सेल' असे पेशींचा नुसता आकार सांगणारे शब्द आले तर तो रिपोर्ट संपलेला नाही, तिथून पुढे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे खास रंगांनी पेशींवरची प्रथिनं ओळखायची तपासणी, सुरू होते. जठर-आतड्यातल्या अशा गाठींना पूर्वी सरसकट स्नायूचा कॅन्सर म्हणत. त्यातल्या बऱ्याच जिस्ट या वेगळ्याच जातीच्या गाठी निघाल्या, सीडी 117 चा रंग घेणाऱ्या, आणि 2002 साली अमेरिकेत त्यासाठी इमॅटिनिब या गोळीला मंजुरी मिळाली. एका रंगाच्या तपासणीने माणूस किमोच्या वाटेवरून रोजच्या गोळीच्या वाटेवर येतो.

जिथे सुई घालायची नाही अशा जागा पाठ करा. अ‍ॅड्रिनल ग्रंथीची गाठ: डोकेदुखी, घाम, धडधड झटक्याने येत असेल तर फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनलिनसारखी हार्मोन सोडणारी गाठ, आधी मेटानेफ्रिन (त्या हार्मोनचे अवशेष) मोजून वगळा, सुई लागली तर बीपी जिवावर बेतेल इतकं चढतं. याच पेशंटला अल्फा ब्लॉकर देण्याआधी बीटा ब्लॉकर देऊ नका. शर्ट काढून अंगावर कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग आहेत का तेही बघा, ती न्यूरोफायब्रोमॅटोसिस या जनुकीय आजाराची खूण, आणि त्यात ही गाठ होऊ शकते. वृषणाची गाठ: अंडकोषाच्या कातडीतून सुई नाही. आणि मेंढ्या-कुत्र्यांच्या सहवासातल्या माणसाच्या लिव्हरमधली पाण्याची गाठ: ती हायडॅटिड, म्हणजे कुत्र्याकडून येणाऱ्या जंताची, असू शकते, बेसावध टोचली तर ॲलर्जीचा जीवघेणा धक्का बसतो.

आणि प्रत्येक विचित्र गाठ कॅन्सर नसते. अनवाणी शेतात जाणाऱ्याचं पाऊल सुजून टणक, भोकं भोकं, पाय कापायला सांगितलेला. रात्रभर बांधलेलं गॉज सकाळी उलगडा आणि उजेडात बघा. मोहरीपेक्षा बारीक काळे किंवा पांढरट दाणे दिसले तर तो मायसेटोमा, मातीतल्या जंतूंचा आजार. काळे बहुधा बुरशीचे, पांढरे-पिवळे बऱ्याचदा जिवाणूचे, आणि जिवाणूचा असेल तर औषधांनीच पाय वाचतो.

कुठे पाठवायचं आणि काय हातात देऊन

कॅन्सरच्या शंकेसाठी संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय, बीड-धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त, आणि अनोळखी गाठीच्या दुसऱ्या मतासाठी परळचं टाटा. टाटाला पाठवताना नुसता रिपोर्ट नको, स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही द्या. लॅबमधून ते सही करून मिळतात. गरमीत ब्लॉक वितळतो, म्हणून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका असं सांगा.

जनुकीय आजारांसाठी केंद्राच्या 2021 च्या दुर्मिळ आजार धोरणात नेमलेली केंद्रं आहेत. मुंबईत केईएम, आणि नांदेड-उदगीरकडच्यांना जवळ पडणारं हैदराबादचं सीडीएफडी व निम्स. धोरणाच्या यादीतल्या आजारासाठी नोंदणी झालेल्या पेशंटला 50 लाखांपर्यंत मदत मिळू शकते, पण अर्ज त्या केंद्रातूनच जातो. म्हणून नोंदणी लवकर करा. माझी चिठ्ठी एका पानाची असते: न बसणारी गोष्ट पहिल्या ओळीत, मग चार रकान्यांचा तक्ता, मग घराण्याचा नकाशा, शेवटी माझा प्रश्न आणि मोबाइल नंबर. 'पुढील उपचारार्थ' एवढंच लिहून पाठवलेला माणूस तिथे पहिल्यापासून सुरुवात करतो.

जनुक तपासणीचा रिपोर्ट आला आणि त्यात 'अर्थ निश्चित न झालेला बदल' असं असेल तर ते निदान नाही. त्यावर औषध सुरू करू नका, गर्भाचा निर्णय तर मुळीच नको. आईवडिलांचं रक्त पाठवून जनुकतज्ज्ञाला विचारा.

शेवटचं काम सगळ्यात अवघड असतं. निदान होण्याआधीच एखादं लेकरू जातं. पाच महिन्यांचं बाळ होतं, डोळे टपोरे, सगळं बघायचं, हसायचं, पण अंग चिंधीसारखं. रडताना जिभेवर बारीक थरथर दिसायची. श्वास लागत होता, मुंबईपर्यंत टिकणार नाही हे दिसत होतं. आईबाप मामाची मुलगी-आतेभाऊ. मी बापाला बाहेर नेऊन सगळं समजावलं, दोघांची संमती घेतली आणि जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत दोन मिलिलिटर रक्त काढून ठेवलं. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. नळी मुंबईला गेली. एसएमएन-1 जनुकाचा तुकडा दोन्ही बाजूंनी नव्हता: स्नायूंचा जोर घालवणारा जनुकीय आजार, स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी. प्रत्येक गर्भाला चारात एक धोका, हे मी त्या दोघांना हरभऱ्याचे दाणे मांडून दाखवलं.

दीड वर्षाने त्या बाळाची आई एकटीच आली, सोमवारच्या बाजाराच्या गर्दीत. पुन्हा दिवस जाऊन दोन महिने झाले होते. पर्समधून तो रिपोर्ट काढला, चार घड्या घातलेला, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. मी ओपीडी थांबवून मुंबईला फोन लावला आणि अकराव्या आठवड्यानंतरची वारेच्या तपासणीची तारीख घेतली.